शिकारीची गाडी विकणे आहे

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नाही. आधी बोलायचं आणि मग कपाळावर हात मारून घ्यायचा, असंच माझं उभं आयुष्य गेलं. पण गेल्या गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर माझ्याच बैठकीत, माझ्याच तोंडानं जे घडलं, त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. 

सगळी सुरुवात त्या गाडीनं झाली. माझा मुलगा शाफी गेल्यापासून ती अंगणात बाभळीखाली उभी होती. पिकअप, पण साधी नव्हे. शिकारीसाठी मी स्वतः उभं राहून तयार करून घेतलेली. उंच उचललेली, वाळूत रुतू नये म्हणून रुंद टायर, टपावर दिवे. मागची सीट काढून तिथं पाखरं बसवायच्या दोन दांड्या. पाखरू म्हणजे ससाणा, आम्ही त्याला नुसतं पाखरूच म्हणतो. हौद्यात ऐंशी लिटर पाण्याची टाकी, चुलीची पेटी, कबुतरांचा पिंजरा. आमच्या सौदीच्या वाळवंटात हरदपासून यब्रीनपर्यंत अशी गाडी कुणाकडे नव्हती, असं मी म्हणायचो, आणि लोक माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून हो म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात शाफी माझं नवं पाखरू उडवायला जाफूराच्या वाळूकडे गेला. हंगामाआधी पाखराला सराव द्यावा लागतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाबा, पाखरू भरकटलं. शेपटीच्या यंत्राचा आवाज येतोय, पण दिसत नाही." ते यंत्र पाखराच्या शेपटीला बांधतात, आणि हातात धरायच्या अँटेनाच्या रिसीव्हरवर त्याचा टक टक आवाज येतो; जवळ गेलं की मोठा होतो. माझं डोकं फिरलं. त्या पाखरावर माझा सगळा जीव. मी ओरडलो, "पाखराशिवाय या दारात पाय ठेवू नकोस!" आणि फोन कापला.

तेवीस वर्षांचा पोरगा होता माझा. तिसऱ्या दिवशी आम्हा शोधणाऱ्यांना गाडी सापडली, खारट चिखलात अर्ध्या चाकापर्यंत रुतलेली. टाकी पाण्यानं भरलेली होती. शाफी मात्र तिथून नऊ किलोमीटरवर, पालथा, हातात अँटेना. वाळवंटात गाडी सोडायची नाही, हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. लोक माझं सांत्वन करायचे आणि बाहेर पडून एकमेकांना विचारायचे, "जारल्लाचा पोरगा, आणि गाडी सोडून गेला? पाणी सोडून?" कुणाला कळेना. मला कळत होतं. मीच त्याला घरी यायला बंदी केली होती.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. उम्म शाफीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. आमच्याकडे आईबापांना पोराच्या नावानं हाक मारतात, मी अबू शाफी, ती उम्म शाफी. ती आठवड्यातून दोनदा तरी विचारायची, "फोनवर शेवटचं काय बोललात त्याच्याशी?" मी म्हणायचो, "अल्ला तुला सांभाळो, असं म्हणालो." ती मान हलवायची. अंगणात कपडे वाळत घालायला गेली, त्या गाडीकडे नजर गेली, की पुन्हा तोच प्रश्न. पोराच्या आईला तेवढाच एक शब्द हवा होता आणि मी तिला खोटं नाणं देत होतो. शेवटी मी ठरवलं, गाडीच नको. गाडी गेली की प्रश्न जाईल. अकलेचे दिवे पाजळले!

जाहिरात मिसफरनं टाकली. मिसफर माझा चुलतभाऊ, शेजारी, आणि पंचक्रोशीतला सगळ्यात आगाऊ माणूस. फोनवर बोटं चालवत त्यानं लिहिलं, "शिकारीची गाडी विकणे आहे. एकाच हातची. दांड्या, टाकी, चूल सगळं जागेवर. फक्त जाणकारांनी यावं."

"जाणकारांनी कशाला लिहिलंस?" मी म्हटलं.

"बाकीच्यांना तू हाकलूनच देणार आहेस, त्यांचं पेट्रोल वाचेल," तो म्हणाला.

आणि खरंच हाकलले. हुफूफचा एक गुळगुळीत पोरगा आला, त्याला गाडीचे फोटो काढायचे होते आणि दांडीवर कुठलं पाखरू बसवायचं तेही ठाऊक नव्हतं. म्हणाला, "काका, पोपट चालेल का?" त्याला मी फाटकापर्यंत पोचवून आलो. दुसऱ्याला नुसती टाकी हवी होती, उंटांसाठी. तिसऱ्यानं गाडीला तीन फेऱ्या मारल्या आणि हळूच विचारलं, "हीच ना ती, ज्यात तुमचा मुलगा..." त्याला मिसफरनंच दंडाला धरून बाहेर नेलं. एकानं कहवा, म्हणजे आमची बिनसाखरेची कॉफी, हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. आमच्याकडे पाहुण्यानं असं केलं म्हणजे त्याचं काही मागणं आहे. यजमानानं "पी, दिलं" म्हटलं की मग माघार नाही, मागणं काय आहे ते ऐकायच्या आधीच दिलेलं असतं. पण ह्या गड्याला फुकटात घ्यायची होती, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. मी म्हटलं, "थंड होतोय. नको असेल तर कोंबड्यांना घालतो." तो उठून गेला. मिसफर चार दिवस मला तेच ऐकवत होता.

"अबू शाफी, अख्ख्या मुलखात चर्चा आहे. पाहुण्याला कहव्यावरून उठवलंस! तुझ्या आजानं दुष्काळात शेवटची उंटीण कापली होती पाहुण्यासाठी, आणि तू कोंबड्यांना कहवा पाजतोस!"

हे मला लागलं, फार लागलं. मी मनाशी म्हटलं, आता पुढचा येईल त्याला दाखवतोच जारल्लाची बैठक काय असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी दहमान आला. पन्नाशी उलटलेला, दाढीला मेंदी, कपडे साधे पण स्वच्छ, तळहातावर पाखराच्या नख्यांच्या जुन्या खुणा. बघता क्षणी कळलं, हा जाणकार. नाव सांगितलं, गाव सांगितलं, गाडी बघायला आलोय म्हणाला. पण गाडीकडे त्यानं नीट पाहिलंही नाही. दांडीवर एकदा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ऊन आहे," मी म्हटलं. "चला, आत बसू."

बैठकीत मिसफर आधीच लोडाला टेकून खजुरावर हात मारत होता. बैठक आणि आतली खोली यांच्या मधे लाकडी जाळीचं दार आहे. त्यामागे उम्म शाफी कहवा ठेवून जाते. किटली मी स्वतः उचलली. दहमानला कप भरून दिला. त्यानं घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कप समोर सतरंजीवर ठेवला.

मिसफरनं खजूर चघळणं थांबवलं. माझ्याकडे बघून भुवई उडवली. म्हणत होता, बघू आता, कोंबड्यांना की पाहुण्याला?

मला वाटलं, काय मागेल? फार तर दोन-तीन हजार रियाल कमी करा म्हणेल. मागू दे! मी छाती काढून, आतल्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कहवा प्या, दहमान. जे मागायला आलात ते दिलं. अल्लाच्या साक्षीनं दिलं, आणि हा मिसफर ऐकतोय."

"ऐकलं," मिसफर खूश होऊन म्हणाला. "आता कसा शोभलास!"

दहमाननं कप उचलला.  एका घोटात संपवला.

"मला माफी हवी आहे, अबू शाफी," तो म्हणाला.

मी हसलो. खरंच हसलो. "कसली माफी? गाडीला ओरखडा काढलात काय?"

"तुमच्या मुलाची."

मला ते शब्द कळले, पण अर्थ डोक्यात शिरेना. मिसफर सरळ होऊन बसला. दहमान खाली बघून बोलत राहिला. मधेच कुणी अडवलं तर पुन्हा बोलता येणार नाही, अशी त्याची घाई चालली होती.

"दोन वर्षांपूर्वी माझा तंबू जाफूराच्या कडेला होता. संध्याकाळी एक पाखरू मारलेल्या सशावर बसलेलं सापडलं. काय पाखरू होतं ते! रुंद छाती, डोळा काळा, पाठ पिंगट. पायातल्या कडीवर फोन नंबर होता, तुमचाच. सापडलेलं पाखरू परत करायचं असतं, लहान पोरालाही ठाऊक आहे. मी कबुतर दाखवून त्याला खाली घेतलं, डोळ्यांवर टोपी घातली. आणि रात्रभर नुसता त्याच्याकडे बघत बसलो. सकाळी मी शेपटीचं यंत्र कापून काढलं."

"फेकून दिलं?" मिसफरनं विचारलं.

"फेकलं असतं तर बरं झालं असतं. फेकलं तर आवाज तिथंच येत राहणार, आणि मालक माझ्या तंबूशी येणार. माझ्या तंबूवरून मोकळ्या उंटिणी दक्षिणेकडे चरायला चालल्या होत्या. मी ते यंत्र एकीच्या गळ्यातल्या दोरीला बांधलं."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. दोन वर्षं लोक विचारत होते, गाडी का सोडली? पाणी का सोडलं? अरे, आवाज चालत होता! पोराच्या कानात आवाज चालत होता, थोडा पुढे, आणखी थोडा पुढे. गाडी रुतली तेव्हा तो आवाज टेकडीपलीकडेच असणार. कुणीही उतरलं असतं. मी स्वतः उतरलो असतो. माझा मुलगा दिवसभर एका उंटिणीच्या मागे धावत होता.

"मला वाटलं, दुपारपर्यंत त्याला उंटीण सापडेल," दहमान म्हणाला. "कपाळावर हात मारेल, मला चार शिव्या घालेल आणि घरी जाईल. अल्लाची शपथ, एवढंच वाटलं होतं. चार दिवसांनी बातमी कळली. पाखरू महिन्याभरात मेलं माझ्या हातावर. तुमच्या फाटकापर्यंत चार वेळा आलो आणि गाडी वळवून परत गेलो. मग ही जाहिरात दिसली. म्हटलं, निदान गिऱ्हाईक म्हणून तरी आत घेतील."

मी उठलो कधी ते मला आठवत नाही. किटली माझ्या हातात होती, पितळेची, भरलेली, आणि दहमान तसाच मान खाली घालून बसला होता. हातसुद्धा वर केला नाही त्यानं. मिसफरनं मागून माझी कंबर धरली.

"अबू शाफी! शब्द! शब्द दिलायस! मी ऐकलाय, अल्लानं ऐकलाय!"

"सोड मला!"

"सोडतो, पण आधी मला सांग, उद्या तुझ्या बैठकीत कोण बसेल? ठेव ती किटली!"

 किटली मिसफरनं काढून घेतली. मी खाली बसलो, आणि मग जे झालं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. मला हलकं वाटलं. पोराचा घात करणारा समोर बसलाय, मी त्याला माफ करून मोकळा झालोय, आणि माझ्या छातीवरचा दोन वर्षांचा दगड खाली उतरतोय! मी नव्हतो. माझा शब्द नव्हता. हा होता, ह्याची उंटीण होती. मी जाळीच्या दाराकडे तोंड करून अक्षरशः ओरडलो, "ऐकलंस, उम्म शाफी? ऐकलंस ना? ह्यानं केलं! आपल्या पोराची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती, ह्याची होती!"

जाळीमागे बांगड्यांचा आवाज झाला. ती तिथंच उभी होती, पहिल्यापासून. परक्या पुरुषाशी ती कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"तू त्याला पाहिलंस?" तिनं विचारलं.

दहमाननं मान वर केली. "हो, ताई. तो माझ्या तंबूत आला होता. सकाळीच. मी... मी त्याला कहवा दिला."

मिसफरच्या तोंडून नुसता "या अल्ला" निघाला. पाखरू आत टोपी घालून बसलेलं, आणि हा बाहेर मालकाच्या पोराला कहवा ओततोय!

"प्याला?" ती म्हणाली.

"तीन कप. खजूर खाल्ले. मला विचारलं, 'काका, पाखरू दिसलं का?' मी नाही म्हणालो. माझे आभार मानले त्यानं."

"आणखी काय बोलला? सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, तिथंच मी त्याला थांबवायला हवं होतं. पण मला काय ठाऊक? मी तर माझ्याच सुटकेत होतो. आणि दहमानला वाटलं असावं, आईला पोराची एक आठवण द्यावी, तेवढंच पुण्य पदरात पडेल. तो जरा पुढे सरकून बोलला.

"माझं मन खात होतं, ताई. मी त्याला म्हटलं, 'बाळा, ऊन चढलंय, सोड ते पाखरू, घरी जा. पाखरं काय, शंभर मिळतील.' तो हसला. म्हणाला, 'काका, घरी कसा जाऊ? बाबांनी सांगितलंय, पाखराशिवाय या दारात पाय ठेवू नकोस. तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही.' आणि गाडीत बसला."

 मिसफर माझ्याकडे बघत होता, आणि मी कुणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं.   दहमानला काही कळलं नाही. त्याला वाटलं आपण काहीतरी गोड बोललो.

"गाडीसुद्धा मी घेतो," तो अडखळत म्हणाला. "सांगाल त्या भावात. निदान..."

"गाडी विकायची नाही," आतून आवाज आला. कोरडा, सपाट.

मिसफर त्याला घेऊन बाहेर गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी एकटा बसून राहिलो. मग मीच जाळीपाशी गेलो. म्हटलं, "उम्म शाफी, रागात बोललो गं. तुला माहितीये माझं तोंड. मला माफ कर."

 दार ढकललं तर खोली रिकामी होती. आणि बाहेर अंगणात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

मी अनवाणीच धावलो. उम्म शाफी त्या गाडीत चालकाच्या जागेवर बसली होती. तिला गाडी चालवता येते, उंटांच्या मागे ती माझ्याआधी चालवायची, पण ह्या गाडीला तिनं दोन वर्षांत हात लावला नव्हता. बुरख्यातून फक्त डोळे दिसत होते. कोरडे होते.

"कुठं निघालीस?"

"तो सापडला तिथं. मला कुणी नेलं नाही. बायकांनी जायचं नसतं म्हणालात."

"आत्ता? अगं, शंभर किलोमीटर आहे. ऐक माझं, खाली उतर. जे झालं त्याची माफी मागतोय ना मी? दहमानला माफ केलं की नाही? मग मला..."

"दहमानला तुम्ही माफ केलंत. तुमचा शब्द गेला होता, तुम्ही पाळा," ती म्हणाली. "मी कुणाला शब्द दिलेला नाही. त्याला नाही, तुम्हालाही नाही."

मी खिडकीला धरून उभा राहिलो. खाली तापलेल्या जमिनीवर तळवे भाजत होते, पण पाय हलेनात. ती समोर बघत होती. मग तिनं हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं.

"बसा," ती म्हणाली. "ती जागा इथं तुमच्याशिवाय कुणी दाखवू शकत नाही, म्हणून बसा."

मी फिरून गेलो आणि बसलो. तिनं गिअर टाकला, गाडी बाभळीखालून निघाली, फाटकाबाहेर पडली. वस्तीतले लोक दारात येऊन बघत होते. डांबरी रस्ता संपला. वाळू लागली तसा तिनं वेग कमी केला.

"आता सांगा," ती म्हणाली. "त्यानं फोन केला, तिथपासून."